सहा जागा

"हे सगळं फळ्यावरचं आहे, वैजयंती. तू हा भाग सोडलास तरी चालेल," सर म्हणाले.

संगणक एखादं अक्षर एक-शून्यांच्या रांगेत कसं साठवतो, हे त्यांनी दोनदा सांगूनही मुलांचे चेहरे कोरेच होते. जन्मांध वैजयंतीने ब्रेलची पाटी काढली, जाड कागदावर दोन टिंबं टोचली आणि कागद सरांना दिला.

"नुसती भोकं लागतायत," सर बोट फिरवत म्हणाले.

"कागद उलटा करा, सर. आम्ही मागून टोचतो. हा 'क' आहे. एका अक्षराला सहा जागा. टिंब उठलं तर एक, नाही तर शून्य."

कागद बाकांवरून फिरला. "एवढंच होय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मी पहिलीतच शिकले हे," वैजयंती ताठ बसत म्हणाली. "आता हा भाग सोडू ना, सर?"