पाहायला येणारे

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कोंढा गावच्या निर्मलाबाईंना नागपुरात सिलिकॉनचं स्तन बसवलं होतं. चार वर्षांनी त्या ते काढायला आल्या.

"दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी."

"कडक झालंय? फुटलंय?"

"चांगलं हाय."

"मग कारण काय लिहू?"

"लोकं पाहाले येतेत."

आजाऱ्याला पाहायला जायचं तर गावात बिस्किटाचा पुडा नेतात. बाया पुडा ठेवत, चहा घेत आणि म्हणत, "दाखव ना वं माय." मग दाबूनही पाहत. एक जण तर दुसऱ्यांदा आली, सुनेला घेऊन.

"तुम्ही नाही म्हणा ना."

"पुडा घेऊन आलेल्या बाईले नाही कसं म्हनाव जी?"

डॉक्टरांनी 'रुग्णाची इच्छा' असं लिहिलं आणि सिलिकॉन काढून, धुऊन, त्यांनी मागितलं म्हणून त्यांच्या हातात दिलं.

त्या घरी आल्या आणि चौथ्या दिवशी बाया पुडे घेऊन हजर. ऑपरेशन ते ऑपरेशनच. घरापुढच्या छपरीत स्टुलावर स्टीलचा डबा ठेवला होता. बायांनी झाकण काढलं, आळीपाळीने दाबून पाहिलं. निर्मलाबाई आतल्या खोलीत चार वर्षांत पहिल्यांदा निवांत झोपल्या होत्या.

उशिरा आलेल्या एकीने विचारलं, "निर्मलाबाई कुठी हाय वं?"

"तिच्यासंग काय काम हाय?" दुसरीने डबा तिच्याकडे सरकवला. "हे पाह्य ना."