तिसरी रांग

"आई, मागे बसून बघ," मुलगा म्हणाला. नव्या गाडीत मधल्या सीटवर नातीची खुर्ची आणि येणाऱ्या बाळाची खुर्ची बसणार, म्हणून माझी जागा तिसऱ्या रांगेत. सेल्समनने मधली सीट दुमडली, गरोदर सुनेने हात दिला आणि मी कशीबशी आत शिरले. सीट पुन्हा जागेवर आली तशी माझे गुडघे हनुवटीला टेकले. ही रांग ज्याने काढली त्याला गुडघे नसावेत.

"जमतंय ना?" मुलाने विचारलं. त्याचा चेहरा इतका खुललेला, की म्हटलं, "छान आहे रे."

"काकू, आता दार लावतो. आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही," सेल्समन अभिमानाने म्हणाला.

सगळे बुकिंगच्या कागदांसाठी शोरूममधल्या टेबलापाशी गेले. मी उठायला गेले तर गुडघ्यात अशी कळ आली, की डोळ्यांत पाणी आलं. सीटचा खटका सापडेना. मुलाला हाका मारल्या. काच वाजवली. शेवटी जोरजोरात हात हलवला.

त्याने वळून पाहिलं. सुनेला म्हणाला असावा, बघ, आई किती खूश आहे. दोघांनीही हसून मला हात केला.

मग त्याने पेन मागितलं.