बडग्याच्या हातातला दोर

बडग्याच्या डोक्यावर काळी टोपी चढली, तेव्हा चंपतराव खिडकीतून मागे सरले.

इतवारीतल्या त्या गल्लीत, समोरच्या ओसरीवर, धोंडबा चार दिवसांपासून बांबू आणि कागद घेऊन बसला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडगे निघत. वर्षभरात ज्याने लोकांना छळलं, मग तो माणूस असो की रोगराई, त्याचा पुतळा करायचा, शिव्या देत शहरभर मिरवायचा आणि जाळायचा. उद्याची मिरवणूक चंपतरावांच्या दारावरूनच जाणार होती.

टोपी त्यांच्यासारखी. मिशा त्यांच्यासारख्या. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात दोर.

सून पुष्पलता होळीच्या आधी मागच्या विहिरीत गेली होती. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. गल्लीत कोणी काही म्हटलं नाही. पण तेव्हापासून चंपतराव दिसले की पानठेल्यावरचं बोलणं थांबे. मुलाच्या दुसऱ्या लग्नासाठी उमरेडचे पाहुणे उद्याच येणार होते. तार करून थांबवावं, तर कारण काय सांगायचं? घर बंद करून निघून जावं, तर पळाले म्हणतील. घरात बसावं, तर पुतळा पाहुण्यांसमोर नाचेल.

दुपारी ते रस्ता ओलांडून गेले.

"या भाऊ, बसा," धोंडबा म्हणाला. कोपरापर्यंत त्याचे हात खळीने भरले होते.

"टोपी काढ गा याची."

"काहून? तुमाले शोभते, त्याले नाई शोभत?"

चंपतराव हसले नाहीत. "मिशाही काढ."

"मंग बाईमाणूस दिसन न भाऊ."

"थट्टा करून राहिला काय? उद्या पाव्हणे येऊन राहिले माह्या दारात."

धोंडबाचा हात थांबला. त्याने काहीच विचारलं नाही. ते न विचारणंच चंपतरावांना सोसेना.

"बरं, टोपी राहू दे. दोर तेवढा काढ."

"दोर तं राहीन भाऊ. सारी गोष्ट दोराचीच हाय."

चंपतराव ओसरीच्या काठावर मटकन बसले.

"पुष्पा विहिरीतून दोर मागून राहिली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "मी वर ओढून घेतला. खरं हाय. पण तवा घरी कोनी नोतं गा. तुले कोनं सांगतलं?"

धोंडबाने खळीची वाटी खाली ठेवली.

"घरी जा," तो म्हणाला. या वेळी त्याने भाऊ म्हटलं नाही.

चंपतराव गेल्यावर धोंडबाची बायको तारा रंग आणि कुंचला घेऊन बाहेर आली.

"का जी, छातीवर नाव टाकू न आता? महागाईच न? तेलाचा डबा रिकामा, अन् गळ्याले दोर."

"आतापर्यंत तं महागाईच होती," धोंडबा म्हणाला.