तिघांची कॅसेट

नवरात्रीच्या मंडळाने तिघांच्या रॅपची मिळून एकच कॅसेट मागितली होती. ती आधी उल्हासनगरच्या कॅम्पवाल्याने घरी नेऊन आपला रॅप भरला, मग अंबरनाथवाल्याने, शेवटी बदलापूरवाल्याने. आज साधूमलच्या कॅसेटच्या दुकानात तिघांनी ती लावली, तर दोन्ही बाजूंना बदलापूरवालाच वाजत होता. “अबे, माझं पुसलंस?” कॅम्पवाला उखडला. “तुझं नव्हतंच. मला मिळाली तेव्हा त्यात फक्त हा होता,” बदलापूरवाल्याने अंबरनाथवाल्याकडे बोट दाखवलं. अंबरनाथवाला भिंतीवरची पोस्टरं बघू लागला. साधूमलने कॅसेट बाहेर काढली. परत कोणी पुसू नये म्हणून बदलापूरवाल्याने तिच्या मागच्या प्लास्टिकच्या दोन्ही टॅब तोडून टाकल्या होत्या. साधूमलने त्या भोकांवर सेलोटेप चिकटवली. “हां, अब हो जाएगा. नीट वाटून भरा. बोलो, पहिले कोण नेतो?” तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघंही एकदम बोलले, “मी शेवटी.”