शोभेचा ठिपका

निळी किटली, पांढरा ओटा.

खिडकीतून आलेलं तिरपं ऊन.

वाफ, डावीकडे झुकलेली.

दुवा. दुवा. बटण, पुढे जा.

ओट्यावर किटलीची सावली, टोकाशी जराशी फिकट.

पान संपलं.

ताईने लॅपटॉपमधल्या बाईला गप्प केलं. बाई म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज. ताईला दिसत नाही, म्हणून ही बाई तिच्याबरोबर सगळीकडे जाते, आणि ताई तिला इतकी पळवते की शेजारी बसलेल्याला निम्मं कळत नाही. भावाला मात्र आज शब्दन् शब्द कळला होता. सगळी वाक्यं त्याचीच होती.

घरगुती वस्तू प्रयोगशाळेत तपासून त्यांचा निकाल लोकांपुढे ठेवणारी ही वेबसाइट. मांडणी त्याची. जेवणाच्या सुट्टीनंतर ती नव्या रूपात खुली व्हायची होती, अगदी वर ‘सर्वांना वाचता येईल अशी’ ही ओळ मिरवत. ताईला त्याने मुद्दाम बोलावलं होतं. तपासायला म्हणून, खरं तर शाबासकी घ्यायला.

“छान लिहिलंयस रे ठोंब्या,” ताई म्हणाली. “ऊन काय, सावली काय! ठरलं. हीच मागवते.”

ऑफिसात त्याला सगळे सर म्हणत. दारात उभ्या संपादक मॅडमनी हसू गिळलं. पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. ताईने पर्समधून फोन काढला होता.

“ताई, ती नको.”

“का?”

“लाल आहे ती.”

“लाल? माझी बाई तर निळी म्हणाली.”

“किटली निळी. ठिपका लाल.”

“कुठला ठिपका?”

तो पडद्याकडे बघत राहिला. फोटोच्या कोपऱ्यात ठिपका होता, चांगला टपोरा. हिरवा म्हणजे खुशाल घ्या, पिवळा म्हणजे बघा बुवा, लाल म्हणजे नको. प्रत्येक चित्राचं वर्णन लिहिताना त्याने जीव ओतला होता. ठिपक्यापाशी आल्यावर मात्र त्याने खूण केली होती: शोभेपुरता, वाचू नये. बाई आज्ञाधारक. तिने वाचला नव्हता.

“म्हणजे तिच्या मुठीचं असं आहे की...”

ताईने हात वर केला. “तू नको सांगूस. पानाला सांगू दे.”

“अगं, पण मला माहितीये ना!”

“तुला माहितीये. आणि रविवारपासून माझ्या ओट्यापाशी कोण उभं राहणारे, तू?”

रविवारी ती तिच्या नव्या खोलीवर राहायला जाणार होती. एकटी. आईने होकार दिला होता, पण कसा, ते दोघांनाही ठाऊक होतं. एकदा जरी हात भाजला तरी सामानासकट परत यायचं. ताईनेही अट घातली होती: घरातली प्रत्येक वस्तू मी निवडणार, कुणाला न विचारता.

“यात एक अडचण आहे,” मॅडम पुढे आल्या. “निकाल आम्ही शब्दांत लिहीत नाही. पहिल्यापासूनची पद्धत आहे. ‘घेऊ नका’ असं लिहिलं की कंपन्यांचे वकील दारात. ठिपक्याशी कोण भांडणार?”

“बरंय की,” ताई म्हणाली. “म्हणजे तुम्ही डोळा मारून सांगता.”

मॅडमना आता हसू आवरलं नाही.

“तपासणी पक्की आहे ना तुमची?” ताईने विचारलं.

“पक्की म्हणजे? आमच्या केमिस्ट बाईंनी तीनतीनदा केलीय.”

“मग घाबरता कशाला? लाल ठिपका लावलात तेव्हाच बोलून बसलात की. फक्त हळू आवाजात.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. भावाकडे वळून म्हणाल्या, “घे लिहून. पाणी उकळेपर्यंत मूठ हात भाजेल इतकी तापते. घेऊ नका.”

त्याने टाइप केलं.

“नाही, थांब. ‘घेऊ नका’ आधी. कारण मग.” त्यांचा आवाज आता चांगलाच चढला होता. “आणि सगळ्याच्या वर टाक. उन्हाच्याही. वकील आले तर माझ्याकडे पाठव. आणि हे झाल्याशिवाय साइट खुली करायची नाही. संध्याकाळ झाली तरी चालेल. आधी किटल्या घे, यांचा खोळंबा नको.”

तो कामाला लागला. मॅडम एकेक निकाल बोलत गेल्या, तो लिहीत गेला. ताईने टेबलावर बोटांनी ताल धरला होता.

मग तिने बाईला पुन्हा बोलतं केलं.

घेऊ नका. पाणी उकळेपर्यंत मूठ हात भाजेल इतकी तापते. निळी किटली, पांढरा ओटा. खिडकीतून आलेलं तिरपं ऊन.

“ऊन काढू का?” त्याने खालच्या आवाजात विचारलं.

“राहू दे. छान आहे. निकालानंतर ऐकायला हरकत नाही.”

ती पुढच्या पानावर गेली, तिथून पुढच्या. एका पानाशी मागे येऊन तिने ते दोनदा ऐकलं. मग फोन कानाला लावला.

“आई, किटली घेतली. स्टीलची. दुहेरी भिंतीची, मूठ गार राहते, उकळलं की आपली आपण बंद होते. नाही गं, ठोंब्याने नाही सांगितलं. त्याला बोलूच दिलं नाही.”

त्या सकाळी निघण्यापूर्वी ठोंब्याने आपल्या घरी चहाचं पाणी तसल्याच निळ्या किटलीत उकळलं होतं. मूठ रोजच्यासारखी फडक्यात धरून.