दंडावरची गाठ

एमआरआय तपासणीच्या यंत्रातील चुंबक लोखंडी खुर्चीसुद्धा खेचून घेतो. म्हणून आत सोडण्यापूर्वी रुग्णाच्या अंगावरील प्रत्येक धातू उतरवून घेणे हे माझे काम आहे. त्या दिवशी तपासणीला आलेल्या एका आजोबांनी घड्याळ दिले, पट्टाही दिला. मग एका हाताने विजार सावरत त्यांनी दुसऱ्या हाताने दंडावरचा ताईत झाकला.

“आजोबा, पत्र्याच्या नळीत एक खडा आहे, एवढंच. काढला म्हणून आभाळ कोसळणार नाही.”

“ते मला नका सांगू, ताई. चौतीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंय. विश्वास बायकोचा होता, माझा कधीच नव्हता.”

“मग अडतंय कुठं?”

“गाठ तिनं मारलेली आहे. दंडावरची गाठ एका हातानं बांधता येत नाही, आणि घरी आता मी एकटाच.”

मी दोरा न कापता गाठ सोडवली. तपासणी वीस मिनिटांत आटोपली. ताईत पुन्हा बांधताना मी विचारले, “घट्ट करू?”

“सैलच असू द्या,” ते म्हणाले. “सुटली, की तेवढंच इकडं यायला निमित्त.”