नावाची चिठ्ठी

“ज्या दिवशी मी तुला ओळखेनासा होईन, त्या दिवशी मला वृद्धाश्रमात पोचव. माझ्यापायी हाडं झिजवू नकोस.” विसरायला लागले तेव्हा घड्याळजींनी बायकोकडून हे वचनच घेतलं होतं. पुढे ते रस्ता विसरले, लेकीला विसरले. बायकोला मात्र नाही. देवापुढे तिचं रोज तेवढंच मागणं होतं. आज ती चहा घेऊन गेली, तर त्यांनी खणातून दोरा ओवलेली चिठ्ठी काढली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला ते मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधत. “बोला बाई, काय नाव लिहू?” तिने कसंबसं सांगितलं. चिठ्ठीवर ते लिहीत ते म्हणाले, “अरे वा, आमच्या हिचंही हेच नाव! बसा, येईलच ती.” ती बसली. चहावर साय धरली, तरी बसूनच राहिली. मग तिने आपल्या नावाची ती चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या काजात बांधली आणि त्यांची पिशवी भरायला घेतली.